सूट हाय, पण मी घेत नाय

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले बस्त्यावकाका वर्षातले चाळीस दिवस पाव वजन करून खातात.

अंदाजाने नाही. ओट्यावर पितळी पारड्यांचा काटा मांडून, चष्मा लावून, एका पारड्यात वजन आणि दुसऱ्यात पाव. पाव जड भरला तर सुरीने कोपरा कापतात. मग हलका वाटला तर त्यातला अर्धा कोपरा परत ठेवतात. मी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मला वाटलं, डॉक्टरने डाएट दिलं असणार. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, दिवसभर लोकांची साखर मोजते, त्यामुळे मला फार कौतुक वाटलं. म्हटलं, "छान काका! शुगरवाल्यांनी असंच करायला पाहिजे."

काकांनी चष्म्यावरून बघितलं. "शुगरचा काय संबंध? उपास हाय."

"उपासाला पाव?"

"मग काय साबुदाणा?"

आम्ही तेव्हा भांडुपहून चारकोपला नुकतेच राहायला आलो होतो, मी आणि आई. तळमजल्यावर समोरासमोर दोन दारं, एक आमचं, एक काकांचं. काकांच्या कपाळावर काळा डाग दिसला म्हणून मी ओढणीचं टोक पुढे केलं. "काका, काहीतरी लागलंय..."

काका दोन पावलं मागे सरले. "पुसू नको गो! राख हाय ती. फादरने लावलीय. माणूस मातीचा, मातीत जानार, त्याची आठवण."

"मग पुसायची कधी?"

"पुसायची नाय. आपोआप जाते. माणसासारखी."

त्या दिवशी दारात उभ्या उभ्या मला कॅथलिकांच्या उपासाचा अख्खा कायदा कळला. काका मूळचे गोराईकडचे ईस्ट इंडियन, म्हणजे घरात मराठी बोलणारे कॅथलिक. राखेच्या बुधवारी त्यांचा उपासाचा काळ सुरू होतो तो ईस्टरपर्यंत. रविवार सोडून चाळीस दिवस. पण सक्तीचे उपास त्यात दोनच, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. त्या दिवशी एकच पूर्ण जेवण, आणि बाकी दोन वेळा थोडं थोडं. ते दोन थोडे मिळून एका जेवणाएवढे होता कामा नयेत. शिवाय त्या काळातल्या प्रत्येक शुक्रवारी मटण-चिकन बंद. बाकी दिवस ज्याने त्याने आपल्या मनाने काहीतरी सोडायचं. कोणी दारू सोडतं, कोणी सिगरेट, कोणी सिरियल.

"थोडं म्हणजे किती?" काका म्हणाले. "कोणी सांगत नाय. फादरला विचारलं, तो हसला. मग मी काटा काढला."

काटा काढणं त्यांना सोपं होतं. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये वजनकाटे बनवण्याच्या कारखान्यात ते तीस वर्षं तपासनीस होते. त्यांनी पास केल्याशिवाय काटा बाहेर पडत नसे. दुपारचं जेवण ते आधी तोलायचे, मग त्यावरून सकाळचा पाव आणि संध्याकाळची पेज ठरायची. आणि हे दोन दिवस नाही, चाळीसच्या चाळीस दिवस. रविवारी तेवढं काट्यावर फडकं टाकलेलं असायचं.

मी विचारलं, "पण काका, म्हाताऱ्या माणसांना सूट नसते का?"

"असते. एकोणसाठ झाली की उपासातून सुटका. आजाऱ्यालापण सुटका."

"तुमचं वय?"

"एकाहत्तर. आणि शुगर."

"मग?"

"सूट हाय," काका म्हणाले, "पण मी घेत नाय."

हे वाक्य मी पुढच्या काही वर्षांत इतक्यांदा ऐकलं की आई झोपेतही ते म्हणू शकेल. बसमध्ये ज्येष्ठ नागरिकांच्या सीटवरून पोरगा उठला की काका त्याला खांदा दाबून परत बसवतात. मतदानाला पोलीस म्हणाला, आजोबा, तुम्ही सरळ आत जा. काका दोन तास उन्हात उभे राहिले आणि वर त्या पोलिसालाच पाणी पाजलं. मुलाकडे कॅनडाला निघाले तेव्हा विमानतळावर त्यांच्यासाठी मुलाने व्हीलचेअर सांगून ठेवली होती. काकांनी खुर्चीत बॅग बसवली, खुर्ची ढकलायला आलेल्या माणसाशी गप्पा मारत स्वतः ढकलत गेटपर्यंत गेले.

चर्चमध्ये नवे फादर आले, वयाने माझ्याएवढेच, चाळिशीच्या आतले. त्यांनी काकांना समजावलं, "काका, देव तुमच्या शुगरवर खूश होणार नाही." काका म्हणाले, "फादर, एकोणसाठ वर्षं पुरी झाली म्हणून देवाने मना कधी रिटायर केलं? चिठ्ठी दाखवा."



आता माशांचं सांगते, कारण पुढचं सगळं माशांवरून झालं.

चर्चने शुक्रवारी मटण बंद केलं, पण मासे चालतात. काकांना हे मान्यच नव्हतं. "पापलेट खाऊन उपास? मग पार्टीत काय खायाचं?" त्यांचं म्हणणं सरळ होतं. ज्याला मटण आवडतं त्याने मटण सोडावं. मना मासे आवडतात, मी मासे सोडणार. ईस्टरपर्यंत रोज, रविवारीसुद्धा. आणि त्या जागी ते दुधी खायचे. दुधीचा त्यांना इतका तिटकारा की खाताना डोळे मिटायचे. आईला वाटायचं प्रार्थना करतायत.

आईचं आणि त्यांचं या बाबतीत जमायचं. आम्ही बौद्ध, आई दर पौर्णिमेला अष्टशील पाळते, दुपारी बारानंतर काही खात नाही. काकांनी हे ऐकलं आणि पहिल्यांदाच कोणासमोर मान खाली घातली. "बारानंतर काय नाय? चहापन?" "बिनदुधाचा चालतो." "मानलं," काका म्हणाले. त्यानंतर पौर्णिमेला संध्याकाळी ते आपल्या घराचं दार लावून घ्यायचे, फोडणीचा वास आईपर्यंत जाऊ नये म्हणून.

आणि मासे घेऊन यायची हिराबाई. चारकोप गावातली कोळीण, साठीची, आवाज असा की तिसऱ्या मजल्यावरची कुकरची शिट्टी ऐकू येऊ नये. रोज सकाळी नऊच्या सुमारास डोक्यावर पाटी घेऊन यायची, आधी काकांचं दार वाजवायची, मग आमचं, मग चार मजले चढून सगळ्यांची. काकांचं आणि तिचं रोज भांडण. सुरमईचे डोळे लाल आहेत की तुझे, इथून सुरुवात.

गंमत म्हणजे उपासाच्या काळातही ती पहिलं दार काकांचंच वाजवायची. काकांनी दार उघडलं की पाटीवरचं फडकं बाजूला करून सगळ्यात चांगला मासा वर काढायची आणि त्यांच्या नाकासमोर धरायची.

"बघ बस्त्याव, हलवा. आताच उतरवलाय."

काका मन लावून बघायचे. कल्ले उघडून बघायचे. बोटाने दाबून बघायचे. मग म्हणायचे, "झकास हाय. ने."

"नको?"

"ने सांगितलं ना!"

हिराबाई हसत फडकं टाकायची आणि आमच्या दाराकडे वळायची. मी एकदा म्हटलं, "मावशी, का छळता त्यांना?" ती म्हणाली, "तो छळून घेतो, मी काय करू?"

मागच्या वर्षी उपासाचा दुसरा आठवडा चालू असताना सोसायटीच्या बोर्डावर नोटीस लागली. मासळी विकणाऱ्यांना आवारात प्रवेश बंद. दुर्गंधी पसरते आणि सोसायटीचा दर्जा खालावतो. खाली सही, सेक्रेटरी साळवी.

साळवी स्वतः मालवणचे. रविवारी त्यांच्या घरातून तिरफळाचा वास आला की तळमजल्यावर आमची भूक खवळते. पण बिल्डिंगला नवा रंग लागला होता, नवं गेट बसलं होतं, रिडेव्हलपमेंटची बोलणी चालू होती, आणि साळवींना अचानक दर्जा आठवायला लागला होता. मासे खायचे, पण ते बाजारातून काळ्या पिशवीत यावेत, असं त्यांचं मत.

लोक कुरकुरले. गेटवर कोण जाऊन भांडणार? शिवाय सगळ्यांना वाटलं, बस्त्यावकाका तर सध्या मासे खातच नाहीत, त्यांना काय फरक पडतो.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता दार वाजलं नाही. सव्वानऊला काका बाहेर आले, माझ्या दारात उभे राहिले.

"हिरा आली नाय?"

मी नोटीस सांगितली. काकांनी ती जाऊन वाचली. दोनदा वाचली. मग सरळ दुसऱ्या मजल्यावर साळवींच्या घरी. मी मागोमाग गेले, कारण काकांचा चेहरा कारखान्यात काटा नापास करताना होत असेल तसा झाला होता.

साळवी दाढी करत होते. अर्ध्या गालाला फेस.

"साळवी, ही नोटीस काढ."

"काका, अहो तुमचा तर उपास ना? तुम्हाला कशाला पाहिजेत मासे?"

"माझा उपास हाय म्हणूनच पायजेत."

साळवींचा रेझर थांबला.

"मासा दारात येतो, मी नाय म्हणतो, तो माझा उपास," काका म्हणाले. "तू मासा गेटवरच अडवलास, तर मी नाय कोणाला म्हणू? हा उपास नाय, ही जबरदस्ती झाली. माझा उपास मोडलास तू."

"अहो, न खाल्ल्याने उपास कसा मोडेल?"

"तुझ्या लक्षात यायचा नाय. नोटीस काढ."

"कमिटीचा ठराव आहे काका. फेरीवाल्यांना बंदी म्हणजे बंदी. तुम्ही ज्येष्ठ आहात, तुम्हाला हवं तर मी पर्सनली..." साळवींनी आवाज उतरवला. "तुमच्यापुरती सूट देतो."

हा शब्द साळवींनी वापरायला नको होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका गेटच्या आत खुर्ची टाकून बसले. पाव खाऊन आले होते, तोलून. दुपारच्या जेवणापर्यंत बसायचा बेत होता. दूधवाला विचारून गेला, इस्त्रीवाला विचारून गेला, काका सगळ्यांना सांगायचे, "उपास हाय." संध्याकाळपर्यंत सेक्टरभर बातमी, की अमुक सोसायटीत एक म्हातारा उपोषणाला बसलाय. तिसऱ्या दिवशी एका पक्षाचे चार कार्यकर्ते हार घेऊन आले. एकाने काकांच्या गळ्यात हार घातला, दुसरा फोनवर शूटिंग करायला लागला.

"आजोबांच्या उपोषणाचा आज तिसरा दिवस..."

"ए, उपोषण नाय," काकांनी हार काढला. "उपास हाय. माझा आणि देवाचा मामला. तुम्ही जेवून आलात काय? मग जा."

"पण आजोबा, मागणी काय आहे तुमची?"

"मागनी काय नाय. मी फक्त बसलोय. आमच्या सोसायटीत आपल्याच आवारात बसायला बंदी नाय अजून."

साळवी वरून खिडकीच्या गजांतून बघत होते. त्यांची तर पुरती वाट लागली होती.

चौथ्या दिवशी हिराबाई आली. तिला कोणीतरी सांगितलं होतं की बस्त्याव उपाशी बसलाय तुझ्यासाठी. गेटबाहेरून तिने तोंड सोडलं. "अरे म्हाताऱ्या, साखरेचा रोग तुना, आनि बसतोस काय उन्हान? उठ! मना दुसरे गिराइक नाय काय?"

"तुझ्यासाठी कोन बसलाय?" काका ओरडले. "माझ्यासाठी बसलोय!"

मग काकांना ती युक्ती सुचली. त्यांनी वॉचमनकडून पाहुण्यांचं रजिस्टर मागून घेतलं आणि स्वतःच्या हाताने भरलं. नाव, हिराबाई. कोणाकडे, बस्त्याव, तळमजला. कामाचे स्वरूप, भेट. वॉचमन म्हणाला, "आणि ही पाटी?"

काकांनी शेजारच्या रकान्यात लिहिलं, सोबत एक पाटी.

"फेरीवाल्याला बंदी हाय ना?" काका म्हणाले. "ती फिरनार नाय. माझ्या घरी बसनार."

आणि हिराबाई काकांच्या हॉलमध्ये बसली. काकांनी फरशीवर वर्तमानपत्रं पसरली, पाटी त्यावर, हिराबाई पाटावर, कोयता बाजूला. गिऱ्हाइकांसाठी खुर्च्या. अर्ध्या तासात बातमी चौथ्या मजल्यावर पोचली. बायका पिशव्या घेऊन खाली यायला लागल्या. आधी चोरून, चप्पल काढून, पाहुण्यासारख्या. चार दिवसांनी उघड. मग नवरे यायला लागले, कारण खाली गप्पा छान रंगायच्या. आतल्या खोलीत दुधी शिजतोय, हॉलमध्ये कोलंबी सोलली जातेय, आणि काका मधल्या दारात उभे राहून प्रत्येकाला कोणता मासा घ्यावा ते सांगतायत.

"बोंबील नको घेऊ आज, पानी सुटलंय त्याला. मांदेली घे."

"बस्त्याव, तू माझी गिराइका तोडतोस!"

"खोटं बोलू काय? उपास हाय माझा!"

दुसऱ्या शुक्रवारी फादर आले. काकांनी शुगरच्या गोळ्या घेऊन निम्मं जेवण चालवलंय हे त्यांच्या कानावर गेलं होतं, ते समजवायला आले होते. दारातून आत बघितलं तर सोळा माणसं, एक पाटी, आणि भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीखाली बसलेली हिराबाई बांगडा साफ करतेय. फादरनी उंबऱ्यावरचा पाय मागे घेतला. मग म्हणाले, "काका, मी नंतर येतो." पण जाताना त्यांनी सहा बांगडे घेतले. शुक्रवारी मासे चालतात.

साळवी मात्र अडून बसले. त्यांनी नियम आणखी कडक करायचा म्हणून कमिटीची सभा बोलावली, तर कोरम भरेना. कमिटीचे निम्मे सभासद काकांच्या हॉलमध्ये होते.

हे असं तीन आठवडे चाललं. मी रोज काकांना म्हणायचे, गोळी घेताय तर नीट जेवा, नाहीतर गोळी कमी करायला डॉक्टरला विचारा. काका माझ्या समाधानासाठी बोट पुढे करायचे, मी मशीनवर साखर बघायचे, आकडा दर आठवड्याला खाली सरकत होता. मी भांडायचे. ते म्हणायचे, "कमी झाली ना? मग चांगलंच हाय की."

पाचव्या आठवड्यात एका सकाळी मी आंघोळ करून बाहेर आले तर समोरून हिराबाईचा आवाज. भांडणाचा नव्हता. "बाय! ए बाय! लवकर ये!"

काका वर्तमानपत्रांवर बसले होते, भिंतीला टेकून. घामाने सदरा भिजलेला, हात थरथरत होते, आणि ते हिराबाईला ओळखत नव्हते. "लुसी, पंखा बंद कर," म्हणत होते. लुसी म्हणजे त्यांची बायको. तिला जाऊन नऊ वर्षं झाली होती. मी बोट टोचलं. आकडा साठच्याही खाली. मी साखरेचं पाणी करायला आत पळाले, डबा सापडेना, शुगरवाल्या माणसाच्या घरात साखर कुठून असणार. मी आमच्या घरून डबा घेऊन येईपर्यंत हिराबाईने कमरेच्या बटव्यातून गुळाचा खडा काढून त्यांच्या तोंडात कोंबला होता आणि हनुवटी धरून ठेवली होती.

"चाव. चाव सांगते ना! थुकलास तर हा कोयता बघ!"

काका चघळत होते. मी साखरेचं पाणी घोटघोट पाजलं. गिऱ्हाइकं भिंतीला चिकटून उभी. साळवींची बायको पण होती त्यात, हातात कोलंबीची पिशवी, डोळ्यांत पाणी.

वीस मिनिटांनी काकांच्या डोळ्यांत ओळख परत आली. त्यांनी जीभ ओठांवरून फिरवली. "गूळ कोनी दिला?"

"मी," हिराबाई म्हणाली.

"उपास मोडला माझा."

हिराबाई एवढी संतापलेली मी कधी बघितली नव्हती. ती उठली, पाटी उचलली, आणि डोक्यावर न घेता कमरेला लावून गेटकडे चालायला लागली. मी मागे गेले. गेटबाहेर तिने पाटी खाली ठेवली आणि पदराने तोंड पुसलं.

"तुना वाटते मी त्याला मासे दाखवाला जाते चाळीस दिवस?" ती मला म्हणाली. "दरसाल? जो घेत नाय त्याला? मी बघाला जाते दार उघडते काय त्याचा. एकटा मानूस. नऊ वाजता दार वाजवायचा, त्याने ने म्हनायचा, म्हंजे हाय जिता. मग मी वर जाते."

मी पाटीवरचं सरकलेलं फडकं सारखं केलं.

"त्याला पन ठाव हाय," ती म्हणाली. "ठाव नसता तर बसला असता तो गेटवर?"

त्या संध्याकाळी फादर आले. ह्या वेळी नंतर येतो म्हणाले नाहीत. खुर्ची ओढून काकांसमोर बसले.

"काका, आजपासून तीन वेळा पूर्ण जेवायचं. गुड फ्रायडेलासुद्धा."

"फादर, सूट हाय, पन मी..."

"सूट देत नाहीये," फादर म्हणाले. "हुकूम देतोय. तुम्ही माझ्या पॅरिशमधले आहात, मी तुमचा फादर आहे. हुकूम पाळायचा की मोडायचा, बोला."

 सूट नाकारायची काकांना इतक्या वर्षांची सवय होती. हुकूम नाकारायची नव्हती.

"दुधीच खाईन," ते शेवटी म्हणाले.

"दुधी खा. पोटभर खा."

गुड फ्रायडेला काका काळा कोट घालून क्रुसाच्या वाटेची प्रार्थना करायला गेले आणि तीन वेळा जेवले. मी तिन्ही वेळा समोर बसून होते. एवढा कठीण उपास त्यांनी आयुष्यात केला नसेल. प्रत्येक घास ते माझ्याकडे असं बघत गिळत होते की जणू मीच त्यांना क्रुसावर चढवतेय.

ईस्टर झाला. आणि त्यानंतरच्या मंगळवारी बोर्डावर नवी नोटीस. तळमजल्यावर होणारी गर्दी लक्षात घेता, मासळी विक्रेत्यांनी प्रत्येक मजल्यावर दारोदार विक्री करावी. तळमजल्यावर बाजार भरवू नये. सही, साळवी. आतली बातमी अशी की बायकोने साळवींशी तीन दिवस अबोला धरला होता.

सगळी बिल्डिंग जिंकली. काकांना लोक हात मिळवून गेले.

बुधवारी सकाळी हिराबाईने काकांचं दार वाजवलं. उपास संपला होता, काकांनी हलव्याचे दोन तुकडे घेतले, भांडण करून. पाच मिनिटं. मग ती आमच्याकडे आली, मग जिना चढली. वरून एकेका मजल्यावरून घासाघीस ऐकू यायला लागली, पहिल्यासारखी.

माझी लॅबची पाळी अकराला सुरू होते. मी दाराशी नखं कापत बसले होते. समोर काकांचं दार सताड उघडं. आत फरशीवर वर्तमानपत्रं पसरलेली. खुर्च्या मांडलेल्या, सहा. काका मधल्या दारात उभे.

"आज उशीर लावला लोकांनी," ते म्हणाले.

मग त्यांच्या लक्षात आलं. "हां. वर गेली नाय काय ती." त्यांनी वाकून वर्तमानपत्रं गोळा करायला सुरुवात केली. एकेकाची नीट घडी घालत.

मी उठून गेले आणि उगीच एका खुर्चीत बसले. काकांनी हलवा बशीत काढून ठेवला होता, दोन तुकडे, मीठ-हळद लावून. बघत राहिले त्याच्याकडे.

"उपासात बरा असतो गो," ते म्हणाले. "थोडाच शिजवायला कारन असतं. एरवी एका मानसाचं भांडं चुलीवर ठेवायचं म्हंजे..." त्यांनी बोटांनी वाटीएवढा आकार करून दाखवला, आणि मग हात सदऱ्याला पुसला. "लुसी गेल्यावर ह्या खुर्च्या मी माळ्यावर टाकल्या होत्या. मार्चमध्ये काढल्या."

मी चहा करते म्हटलं. ते म्हणाले, नको, मी करतो, आणि आत गेले. 

हे मी हिराबाईला गेटवर सांगितलं, दुसऱ्या दिवशी. तिने ऐकलं, पाटी सारखी केली, आणि म्हणाली, "बरा." एवढंच. आणि माझ्या पुढे चालत काकांच्या दारातून सरळ आत शिरली.

आत जाऊन तिने पाटी दाणकन फरशीवर ठेवली. वर्तमानपत्रसुद्धा न पसरता. मग जिन्याच्या तोंडाशी येऊन वर ओरडली, "ए बायानो! माझे गुडघे गेले! डाक्टरने जिना बंद केलाय! ज्याला पायजे त्याने खाली या!"

आदल्या संध्याकाळी मी तिला चारकोप मार्केटला बसमागे पळताना पाहिलं होतं. पाटीसकट. आणि तिने बस पकडली होती.

वरून साळवी धावत खाली आले. "मावशी, नोटीस वाचली नाही का? दारोदार जायचंय."

"गुडघ्यांना वाच तुझी नोटीस," हिराबाई म्हणाली आणि पाटावर बसली.

साळवींच्या मागून त्यांची बायको उतरली, पिशवी घेऊन. तिच्या मागून तिसऱ्या मजल्यावरच्या दोघी. साळवी जिन्यात उभे राहिले, कोणाला अडवावं ते त्यांना कळेना, आणि शेवटी भिंतीला चिकटून त्यांनी सगळ्यांना वाट दिली.

आतून काकांचा आवाज सेक्टरभर ऐकू जाईल इतका चढला. "माझं घर काय मार्केट हाय? फरशी खराब केलीस! कोनी सांगितलं तुला हितं बसायला? उठ, पाटी उचल, खाली पेपर घालू दे!"

"घाल ना मग! बोंबलतोस कशाला?"

मी दारात उभी होते. काकांनी पेपर पसरले, वाकून, घाईने, एक पेपर उलटा गेला तो परत सरळ केला. मग कमरेवर हात ठेवून खोलीभर नजर फिरवली. माणसं अजून येतच होती. त्यांनी बोटाने डोकी मोजली, मग खुर्च्या मोजल्या, आणि माझ्याकडे बघून खेकसले,

"उभी काय राहिलीस गो? तुझ्याकडे एखादी खुर्ची जास्तीची हाय काय?"

मी दोन आणून दिल्या.